अरुंद वाटेवरचा संवाद

लांबच्या गावी दूरध्वनीवरून बोलावयाचे म्हणजे एके काळी तो एक समारंभच असे. आधी एक्स्चेंजला नंबर सांगावयाचा, ट्रंक कॉल नोंदवावयाचा आणि मग घंटा केव्हा वाजते याची वाट पाहत यंत्राजवळ बसून राहावयाचे. दोन शहरांमधील तारा मोजक्या आणि बोलू इच्छिणारी माणसे पुष्कळ, अशी स्थिती होती. म्हणून कॉलच्या तीन प्रती ठरविण्यात आल्या होत्या : साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. अर्जंट कॉलला साध्याच्या दुप्पट आकार पडे आणि लाइटनिंगचा आकार त्याहूनही कितीतरी अधिक असे. १९६० साली लखनौ आणि कानपूर या शहरांच्या दरम्यान ग्राहकाने स्वतःच थेट नंबर फिरवून बोलण्याची सोय झाली. पुढे ती देशभर पसरली आणि ट्रंक कॉलचे दिवस हळूहळू संपले. परंतु ज्या प्रश्नातून ती व्यवस्था जन्माला आली होती, तो प्रश्न काही संपला नाही. वाट अरुंद आहे, जाणारे अनेक आहेत. तर मग आधी कोणी जावयाचे?

हा प्रश्न आता एक्स्चेंजमधून उठून घराघरांत आला आहे. बडोद्याच्या एखाद्या घरात आजी बंगळूरला असलेल्या नातवाशी इंटरनेटवरून बोलत असते. त्याच वेळी शेजारच्या खोलीत कोणीतरी लग्नाची दोनशे छायाचित्रे नातेवाइकांकडे धाडावयास घेतो. आजीचे बोलणे नातवाला तुटक ऐकू येऊ लागते. अर्धा शब्द पोहोचतो, अर्धा गळतो. ‘हॅलो, हॅलो’ करण्यातच चार मिनिटे जातात आणि शेवटी ‘नेट बरोबर नाही, उद्या बोलू’ असे म्हणून फोन ठेवला जातो. दोष इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला दिला जातो आणि कधी तो तिचा असतोही. परंतु पुष्कळदा खरी अडचण घरातच असते आणि घरातच दूर करता येण्याजोगी असते. आजीचे बोलणे एक वेळ उद्यावर टाकता येईल. पण तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टर शहरातील तज्ज्ञाला रोग्याची लक्षणे सांगत असेल, तर ते बोलणे उद्यावर टाकता येत नाही. म्हणून या अडचणीचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

बँडविड्थ हा शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की, एका सेकंदात वाटेवरून किती बिट जाऊ शकतात याचे माप. बिट म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी एक खूण. माणसाचा आवाज अशा खुणांत मांडता येतो, ही कल्पना अॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने १९३८ च्या सुमारास पुढे आणली. दूरध्वनीवरील बोलणे समजण्यास ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढ्या पट्ट्यातील ध्वनी पुरेसा होतो. सेकंदातून ८,००० वेळा त्याचे माप घ्यावयाचे आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहावयाचे, म्हणजे एका आवाजाला सेकंदाला ६४,००० बिट लागतात. जगभरच्या दूरध्वनीचा व्यवहार अनेक दशके या मापावर चालला. पुढे आवाज अधिक काटकसरीने लिहिण्याच्या युक्त्या निघाल्या. १९९६ च्या सुमारास मान्य झालेल्या जी.७२९ या पद्धतीत ८,००० बिटांत काम भागते. २०१२ साली प्रमाण ठरलेली ओपस ही पद्धत तर प्रसंगी ६,००० बिटांपर्यंत खाली येऊ शकते.

याच्या शेजारी इतर डेटाचे वजन ठेवून पाहावे. मोबाइलवर काढलेले साधे छायाचित्र ३ मेगाबाइटचे धरले, तर ते सुमारे २ कोटी ४० लाख बिट झाले. जुन्या ६४,००० च्या मापाने एवढ्या बिटांत माणूस सहा मिनिटांहून अधिक काळ बोलू शकतो. आणि मोबाइलवरचा लहानसा लेखी संदेश, एसएमएस, पाहिला तर तो १४० बाइटांचा, म्हणजे बोलण्याच्या एका सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही हलका. तेव्हा जागेच्या दृष्टीने पाहता आवाज हा काही मोठा गिऱ्हाईक नव्हे. मग एवढा लहान प्रवासीच नेमका का चेंगरला जावा?

याचे उत्तर असे की, आवाजाला जागा थोडी लागते, परंतु ती वेळेवर लागते. पत्र दोन दिवस उशिरा आले तरी ते पत्रच राहते. प्रश्नाचे उत्तर दोन सेकंद उशिरा आले तर संवाद मोडतो. दोन्हीकडची माणसे एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात, मग पुन्हा दोघेही एकदमच सुरू करतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला तर बहुतेक संभाषणास बाध येत नाही, आणि ४०० मिलिसेकंद ही ओलांडू नये अशी मर्यादा होय. याउलट, छायाचित्र तीन सेकंदांऐवजी सात सेकंदांनी पोहोचले तर कोणाचे काही बिघडत नाही. मात्र त्यातला एकही तुकडा हरवून चालत नाही. आवाजाचे याच्या उलट आहे. त्यातला एखादा बारीक तुकडा गळाला तर कान तो सांभाळून घेतो, पण उशिरा आलेला तुकडा त्याला कामाचा नसतो. एकाला घाई आहे आणि दुसऱ्याला भार आहे. या दोन स्वभावांची जाण हीच सगळ्या व्यवस्थापनाची किल्ली आहे.

जुन्या दूरध्वनीने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला होता. एकदा कॉल जोडला की ती वाट त्या दोघांची होई. ते बोलोत वा गप्प राहोत, तिसरा कोणी तीत शिरू शकत नसे. वाटा संपल्या की पुढच्याला ‘लाइन एंगेज’ असल्याचा आवाज ऐकू येई. किती जणांना असे परत पाठवावे लागेल, याचे गणित डेन्मार्कच्या एर्लांग या गणितज्ञाने मांडले. तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत १९०८ साली नोकरीस लागला, १९०९ मध्ये त्याचा या विषयावरील पहिला निबंध आला आणि १९१७ मध्ये त्याचे प्रसिद्ध सूत्र. त्या सूत्राने एक बोधप्रद गोष्ट दाखवून दिली. सरासरीने एका वेळी एक कॉल चालेल एवढी रहदारी असेल आणि शंभरांत एकाहून अधिक जणांना परत पाठवावयाचे नसेल, तर पाच तारा ठेवाव्या लागतात. अशी दहा खेडी वेगवेगळी ठेवली तर पन्नास तारा लागतील. पण त्या दहांची रहदारी एकत्र केली तर केवळ अठरा तारा पुरतात. सगळेच एकदम बोलावयास येत नाहीत, म्हणून वाटून घेतलेली वाट प्रत्येकाच्या स्वतंत्र वाटेपेक्षा स्वस्त पडते.

वाटून घेण्याची ही कल्पना पुढे आणखी सूक्ष्म झाली. १९५६ च्या सप्टेंबरमध्ये स्कॉटलंड आणि न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली पहिली दूरध्वनी-केबल सुरू झाली. तिच्यात ३६ मार्ग होते. समुद्राच्या तळाशी आणखी एक केबल टाकणे ही खर्चाची गोष्ट. तेव्हा अभियंत्यांनी माणसाच्या बोलण्याकडेच लक्ष दिले. दोघांच्या संभाषणात एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. म्हणजे प्रत्येक बाजूची वाट निम्म्याहून अधिक वेळ रिकामीच असते. त्या मोकळ्या क्षणांत दुसऱ्याचे बोलणे बसविणारी यंत्रणा १९६० साली त्या केबलवर बसविण्यात आली आणि तेवढ्याच मार्गांतून जवळजवळ दुप्पट संभाषणे जाऊ लागली. केबल तीच राहिली; माणसाच्या गप्प राहण्याचा तेवढा उपयोग झाला.

इंटरनेटचा पाया याच विचाराच्या टोकाशी आहे. अमेरिकेत पॉल बारान याने १९६४ मध्ये आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस याने १९६५ च्या सुमारास स्वतंत्रपणे असे सुचविले की, कोणालाही स्वतंत्र वाट देऊच नये. संदेशाचे लहान लहान तुकडे करावे, प्रत्येकावर पत्ता घालावा आणि ते एकाच वाटेवर सर्वांच्या तुकड्यांबरोबर सोडून द्यावे. डेव्हिसने या तुकड्यांना पॅकेट म्हटले. मराठीत पुडके म्हणावयास हरकत नाही. १९७४ साली डॅनी कोहेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा पुडक्यांतून जिवंत संभाषण पाठवून दाखविले. त्या प्रयोगांतून जो अनुभव आला, त्याचा परिणाम इंटरनेटच्या घडणीवर झाला. हरवलेले पुडके पुन्हा मागवावयाचे आणि ते येईपर्यंत मागच्यांना थांबवून ठेवावयाचे, ही शिस्त कागदपत्रांना उपकारक असली तरी बोलण्याला मारक ठरत होती. म्हणून १९७८ मध्ये ती शिस्त मूळ वाहतुकीपासून निराळी काढण्यात आली, आणि १९८० साली घाईच्या मालासाठी यूडीपी नावाचा साधा मार्ग ठरविण्यात आला. इंटरनेटवरील बहुतेक बोलणे त्याच मार्गाने जाते.

या व्यवस्थेत एक मोठा गुण आहे आणि त्याच गुणात तिचा दोष दडलेला आहे. इंटरनेट कोणालाही दारातून परत पाठवीत नाही. त्याच्यापाशी ‘लाइन एंगेज’ नाही. जो येईल त्याला ते आत घेते आणि आहे त्यात सर्वांना थोडे थोडे देते. छायाचित्राला थोडे मिळाले तर ते उशिरा पोहोचते, एवढेच. आवाजाला मात्र त्याच्या गरजेहून थोडे कमी मिळाले तरी त्याचे बोलणेच राहत नाही.

गर्दीत सर्वांना आत घेण्याचा परिणाम काय होतो, हे १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात दिसून आले. बर्कलीचे विद्यापीठ आणि तेथली लॉरेन्स प्रयोगशाळा यांच्यात अंतर सुमारे ४०० यार्डांचे. त्यांच्या दरम्यान सेकंदाला ३२,००० बिट जात असत. ते एकाएकी ४० वर आले. वाट तुटलेली नव्हती. पुडकी अडली की पाठविणारे तीच पुडकी पुन्हा पाठवीत आणि गर्दीत भर घालीत. व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञाने त्याचे निदान केले आणि १९८८ मध्ये उपाय प्रसिद्ध केला. प्रत्येकाने सावकाश सुरुवात करावी, वाट मोकळी दिसेल तसतसा वेग वाढवावा आणि पुडके हरवले की वेग निम्मा करावा, असा तो उपाय होय. कोणी पोलीस न नेमता प्रत्येक यंत्राने पाळावयाचा हा संयम आहे आणि इंटरनेट आजही पुष्कळ अंशी त्याच्याच आधारावर उभे आहे.

परंतु या संयमाला एक खूण लागते : पुडके हरवल्याची. ती खूण वेळेवर मिळाली नाही तर संयमही उशिरा येतो. घरातील राउटरमध्ये आणि मोडेममध्ये, रांगेतली पुडकी थोडा वेळ ठेवण्यासाठी एक कोठार असते, त्याला बफर म्हणतात. स्मरणयंत्रे स्वस्त झाली तशी ही कोठारे मोठी करण्यात आली. एकही पुडके वाया जाऊ नये, हा हेतू चांगला होता. पण समजा, कोठार २५६ किलोबाइटचे आहे आणि बाहेर जाणारी वाट सेकंदाला ५१२ किलोबिटांची आहे. छायाचित्रांनी ते कोठार भरून टाकले, तर शेवटच्या पुडक्याचा नंबर लागावयास चार सेकंद लागतात. आजीचा शब्द त्या रांगेच्या शेपटाला उभा राहतो. १५० मिलिसेकंदांत पोहोचावयाचा तो शब्द चार सेकंदांनी निघतो. पुडके हरवतच नाही, म्हणून छायाचित्रे पाठविणाऱ्या यंत्राला गर्दी झाल्याचे कळतही नाही. २०१० च्या सुमारास जिम गेटिस या अभियंत्याने आपल्या घरच्या जोडणीत हा प्रकार पाहिला आणि त्याला बफरब्लोट, म्हणजे कोठाराची सूज, असे नाव पडले.

येथे असे कोणी म्हणेल की, वाट रुंद करावी म्हणजे झाले. ते काही अंशी खरे आहे. भारत सरकारच्या २००४ सालच्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट एवढा किमान वेग असेल तर त्याला ब्रॉडबँड म्हटले होते; २०२३ मध्ये ती मर्यादा २ मेगाबिट झाली. किमान मर्यादा आठपट झाली आणि शहरांतील प्रत्यक्ष वेग तर कितीतरी अधिक वाढला. पण वाटेबरोबर भारही वाढला. छायाचित्राच्या जागी चित्रफीत आली. एका घरात एक संगणक होता, तेथे आता दहा यंत्रे झाली. शिवाय पुष्कळ जोडण्यांत आत येणारी वाट रुंद आणि बाहेर जाणारी अरुंद असते. जाहिरातीत आकडा मात्र रुंद वाटेचा असतो. बोलण्याला दोन्ही वाटा सारख्याच लागतात. तेव्हा रुंदी कितीही वाढली तरी रांगेची शिस्त टळत नाही.

ही शिस्त चार गोष्टींची आहे. पहिली गोष्ट, रांग आपल्या अंगणात लागावी. बाहेर जाणारी वाट प्रत्यक्षात किती आहे, ते मोजून घ्यावे आणि घरच्या राउटरला तिच्या सुमारे नऊ दशांश एवढीच पुडकी बाहेर सोडण्याचा नियम घालून द्यावा. एक दशांश वाट आपणहून सोडणे हे प्रथमदर्शनी तोट्याचे वाटते. परंतु तसे केले नाही तर रांग कंपनीच्या मोडेममध्ये लागते आणि तेथे आपला नियम चालत नाही. आत येणाऱ्या वाटेलाही अशीच मर्यादा घालता येते. रांग पलीकडच्या टोकाला असल्यामुळे तेथे हा उपाय थोडा कमी लागू पडतो.

दुसरी गोष्ट, रांगेत घाईचे आणि भाराचे वेगळे करावे. प्रत्येक पुडक्याच्या पाकिटावर त्याची प्रत लिहिण्यास सहा बिटांची जागा आहे. १९९८ साली तिचे नियम ठरले आणि आवाजासाठी बहुधा ४६ हा अंक वापरतात. राउटरने हा अंक पाहून त्या पुडक्याला पुढे काढावयाचे. मात्र हा अंक ज्या जाळ्याने मानला तेथेच चालतो; कंपनीच्या सीमेपलीकडे त्याला कोणी विचारीलच असे नाही. म्हणून दुसरा एक मार्ग अधिक उपयोगी पडतो. जॉन नेगल याने १९८५ मध्ये सुचविले होते की, प्रत्येक पाठविणाऱ्याची रांग वेगळी धरावी आणि पाळीपाळीने एकेक पुडके घ्यावे. तसे केले की दोनशे छायाचित्रे ज्याची, त्याच्याच रांगेत उभी राहतात आणि आजीच्या शब्दाला वाट मिळते. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी याला जोड दिली : रांगेत पुडकी किती आहेत हे न पाहता, एकेक पुडके किती वेळ थांबले ते पाहावे, आणि हा वेळ सतत पाच मिलिसेकंदांहून अधिक राहू लागला तर एखादे पुडके टाकून देऊन पाठविणाऱ्याला सावध करावे. अनेक राउटरांत ही सोय असते; ती चालू करण्याचा अवकाश असतो.

तिसरी गोष्ट, भाराचे पुडके फार मोठे असू नये. इंटरनेटवरील मोठे पुडके साधारणतः १,५०० बाइटांचे असते. सेकंदाला १० मेगाबिटांच्या वाटेवरून ते एका मिलिसेकंदाहून किंचित अधिक वेळात निघून जाते. पण १२८ किलोबिटांच्या वाटेवर त्याला सुमारे ९४ मिलिसेकंद लागतात. आणि एकदा ते वाटेला लागले की घाईच्या पुडक्यालाही मागे थांबावे लागते. एकेरी पुलावर उसाची लांबच लांब ट्रॉली चढली, की मागच्या रुग्णवाहिकेला कितीही मान असला तरी ती थांबणारच. म्हणून अगदी अरुंद वाटेवर मोठ्या पुडक्यांचे लहान तुकडे करून ते सोडतात.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. कोणाला तरी ‘आता नाही’ असे म्हणता आले पाहिजे. आवाजाचे गणित पुन्हा मांडून पाहावे. ८,००० बिटांच्या पद्धतीत वीस मिलिसेकंदांचे बोलणे २० बाइटांत मावते, परंतु त्याच्यावरचे पत्त्याचे पाकीट ४० बाइटांचे असते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तशातला हा प्रकार. सेकंदाला अशी ५० पुडकी, म्हणजे ८,००० च्या जागी २४,००० बिट खर्ची पडतात. ६४,००० च्या पद्धतीला त्याच हिशेबाने ८०,००० लागतात. बाहेरची वाट २५६ किलोबिटांची असलेल्या एखाद्या लहान कचेरीत या दुसऱ्या पद्धतीने तीन माणसे नीट बोलू शकतात. चौथ्याने बोलावयास सुरुवात केली तर केवळ त्याचेच बोलणे बिघडते असे नाही, तर चौघांचेही बिघडते. तिघेही घाईचे आणि चौथाही घाईचा. मग पुढे काढावयाचे तरी कोणाला? अग्रक्रम सर्वांनाच दिला की तो कोणालाच राहत नाही. म्हणून चांगली व्यवस्था तीन कॉलांवर मर्यादा घालते आणि चौथ्याला लाइन रिकामी नसल्याचे स्पष्ट सांगते, किंवा सर्वांनाच काटकसरीच्या पद्धतीवर आणून दहा जणांची सोय करते. एर्लांगच्या काळातील तो कर्कश आवाज कोणाला आवडत नसे. पण तो खरे सांगत असे, आणि जे बोलत होते त्यांचे बोलणे राखीत असे.

मोबाइलच्या जगात ही शिस्त पडद्याआड चालते. चौथ्या पिढीच्या जाळ्यावर साधा फोन लावला तर त्याचाही आवाज पुडक्यांतूनच जातो. पण त्या पुडक्यांसाठी मनोऱ्यापासून राखीव वाट दिलेली असते. त्याच मोबाइलवरून एखाद्या अॅपमधून कॉल केला, तर त्याची पुडकी सामान्य डेटाच्या गर्दीतून जातात. जत्रेत किंवा क्रिकेटच्या मैदानावर अॅपवरचे बोलणे तुटते आणि साधा फोन लागतो, याचे कारण हेच. पण राखीव वाटही अमर्याद नसते. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत स्फोट झाले, तेव्हा आपले माणूस सुखरूप आहे का, हे विचारण्यासाठी सारे शहर एकाच वेळी फोनकडे धावले आणि मोबाइलची जाळी कोंडून गेली. त्या रात्री मागितलेला प्रत्येक कॉल घाईचाच होता. अशा वेळी वाट अडविण्याऐवजी लेखी संदेश धाडणे हा शहाणपणा ठरतो. तो इवल्याशा जागेत मावतो, पलीकडे जागा होईपर्यंत थांबू शकतो, आणि ‘सुखरूप आहे’ एवढेच कळवावयाचे असेल तर तेवढे पुरते.

वाट रुंद असूनही संवाद अवघडतो, असाही एक प्रसंग आहे. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप ही बेटे दीर्घकाळ मुख्यतः उपग्रहावर अवलंबून होती. पृथ्वीवरून स्थिर दिसणारा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. शब्द वर जाऊन खाली येण्यासच २४० मिलिसेकंद लागतात आणि उत्तर परत येईपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद जातो. प्रकाशाचा वेग कोणाला वाढविता येत नाही. म्हणजे तेथे मार्ग महाग, अरुंद आणि शिवाय लांब. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईहून पोर्ट ब्लेअरपर्यंत आणि इतर बेटांपर्यंत सुमारे २,३०० किलोमीटरांची समुद्रतळावरील केबल सुरू झाली. याच पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून लक्षद्वीपची केबलही सुरू झाली. काचेच्या तंतूतून २,३०० किलोमीटर जाण्यास प्रकाशाला बारा मिलिसेकंदांहूनही कमी वेळ पुरतो. बेटावरील रुग्णालयातल्या डॉक्टरला आणि चेन्नईच्या तज्ज्ञाला मिळालेला मोठा लाभ रुंदीचा आहे, तसाच या वाचलेल्या वेळाचाही आहे. तथापि केबलीही तुटतात. मग सारी रहदारी पुन्हा उपग्रहाच्या अरुंद वाटेवर येते, आणि त्या दिवशी चित्रपटाला थांबवून रुग्णालयाला वाट देण्याची शिस्त अंगवळणी असावी लागते.

आता शेवटचा प्रश्न उरतो. अग्रक्रम ठरवावयाचा कोणी? घरात तो घरच्यांनी ठरवावा, कचेरीत कचेरीने ठरवावा, यात वाद नाही. पण देशाच्या वाटांवर तो कंपनीने पैसे घेऊन विकावा का? ट्रंक कॉलच्या काळात लाइटनिंगचा दर ज्याला परवडे त्याचा नंबर आधी लागे. त्याचे काम खरोखर अधिक निकडीचे असे का, हे कोणी पाहत नसे. भारतात या प्रश्नावर मोठी चर्चा झाली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, डेटा कशाचा आहे हे पाहून वेगवेगळे दर लावण्यास बंदी घातली. जुलै २०१८ मध्ये सरकारने असे तत्त्व मान्य केले की, एकाच्या मजकुराला पुढे काढून दुसऱ्याच्या मजकुराला अडवू नये. मात्र वाहतुकीचे वाजवी नियमन आणि काही विशेष सेवा यांना त्यातून वाव ठेवला. हा भेद महत्त्वाचा आहे. सगळ्याच आवाजांना सगळ्याच चित्रफितींच्या पुढे काढणे हे नियमन झाले, कारण ते कामाच्या स्वभावावर आधारलेले आहे. एका कंपनीच्या आवाजाला दुसऱ्या कंपनीच्या आवाजापुढे काढणे हा पक्षपात झाला, कारण तो थैलीवर आधारलेला आहे.

बँडविड्थ आज कोठे अपुरी आहे आणि उद्या कोठे पडेल, हे बदलत राहील. ज्या घरात एका संभाषणापुरतीही वाट नव्हती, तेथे आता दहा चित्रफिती एकदम चालतात; आणि डोंगरात किंवा बेटावर अशीही घरे आहेत, जेथे एक संभाषण धड पार पडले तर तो दिवस चांगला गेला असे समजतात. दोन्ही ठिकाणी नियम एकच लागू पडतो. ज्याला थांबता येते त्याने थांबावे, ज्याला थांबता येत नाही त्याला जाऊ द्यावे, आणि जाऊ दिलेल्यांचीही गर्दी होऊ लागली तर पुढच्याला तसे स्पष्ट सांगावे. छायाचित्रे रात्री सर्व निजल्यावर पाठविली तरी सकाळपर्यंत ती पोहोचलेली असतात. आजीला मात्र जे सांगावयाचे असते, ते तिला याच क्षणी सांगावयाचे असते, आणि त्यासाठी तिला फार मोठी वाट लागत नाही.